'शकते' म्हणजे नेहमीच 'कॅन' नव्हे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेत मी इंग्रजीवर बोलावे, अशी चिटणीसबाईंची सूचना आली. "बाई, इतकी वर्षे तुम्ही शाळेत इंग्रजी शिकवलेत, तेव्हा आम्हांला काहीतरी उपयोगाचे सांगा," असे त्या म्हणाल्या. आणि 'उपयोगाचे' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. तेव्हा कवी आणि नाटककार बाजूला ठेवून मी आज दोन अगदी लहान शब्दांवर बोलणार आहे. ते शब्द म्हणजे 'कॅन' आणि 'मे'. पहिलीतल्या नातवालाही ते ठाऊक असतात. पण नुसते ठाऊक असणे निराळे आणि वेळेला नेमके वापरता येणे निराळे.

आपल्या मुकुंदवाडीत आता इंग्रजी परकी राहिलेली नाही. जालना रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या, चिकलठाण्याच्या कारखान्यांच्या फाटकावरच्या सूचना, शाळेकडून येणारी पत्रके, औषधांची वेष्टने, बँकेचे मोबाईलवरचे संदेश, या सर्वांतून ती रोज घरात येते. सन २००० पासून आपल्या राज्यातल्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. आपल्यापैकी पुष्कळजणींच्या वेळी ती वरच्या इयत्तेत कधीतरी सुरू होई, आणि बऱ्याचजणींची शाळा त्याच सुमारास सुटे. त्यामुळे घरात चमत्कारिक स्थिती झाली आहे. वाचायचे नातवाने आणि समजून घ्यायचे आजीने. नातू शब्द वाचतो, पण त्यातला जोर त्याला कळत नाही. आजीला जोर कळतो, पण शब्द वाचता येत नाहीत. आजचे माझे बोलणे या जोराविषयी आहे.

आपण इंग्रजी शिकतो ती बहुधा भाषांतराने. तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'वर आपल्याकडच्या पिढ्या शिकल्या, आणि ती रीत वाईट मुळीच नाही. परंतु भाषांतराच्या सवयीने आपल्या मनात काही समीकरणे पक्की बसतात. त्यांपैकी एक म्हणजे 'शकते' बरोबर 'कॅन'. हे समीकरण दोन्ही बाजूंनी अपुरे आहे. मराठीत आपण जे तीन तऱ्हांनी बोलतो ते सारे इंग्रजी एका 'कॅन'मध्ये कोंबते. आणि आपल्या एका 'शकते'मध्ये जे मावते त्याचे इंग्रजी दोन वाटे करते. एवढे एक ध्यानात आले, की निम्म्या चुका आपोआप टळतील. आता हेच जरा सावकाश पाहू.

आधी आपली मराठी पाहा. "मला पोहता येते," असे आपण म्हणतो, तेव्हा ती शिकून मिळवलेली विद्या असते. "मी उद्या मंडळात येऊ शकते," असे म्हणतो, तेव्हा सवड आहे, अडचण नाही, एवढाच अर्थ. आणि "मला जिना चढवत नाही," असे म्हणतो, तेव्हा जिना चढण्याची विद्या आपण विसरलो असे नसते. गुडघे साथ देत नाहीत. या 'चढवते', 'बसवते', 'खाववते' अशा रूपांना आपल्या व्याकरणात शक्य क्रियापद म्हणतात. फार गोड आणि फार नेमके रूप आहे हे. आजारातून उठलेल्या माणसाबद्दल "आता त्यांना थोडे बसवते" एवढे म्हटले, की ऐकणाऱ्याला सगळी प्रकृती कळते.

आता हीच तीन वाक्ये इंग्रजीत न्या. "आय कॅन स्विम." "आय कॅन कम टुमॉरो." "आय कॅनॉट क्लाइंब द स्टेअर्स." विद्या असो, सवड असो की गुडघे असोत, तिन्हीकडे एकच 'कॅन'. इंग्रज माणसाला त्यात अडचण वाटत नाही, कारण बाकीचा अर्थ तो पुढच्या शब्दांनी भरतो. आपण मात्र पुढचे शब्द घालत नाही, आणि तेथे घोटाळा होतो.

दवाखान्यातले उदाहरण घ्या. मुलगा परगावी, परप्रांतात नोकरीला. तुम्ही त्याच्याकडे राहायला गेलात. तेथल्या डॉक्टरांना मराठी येत नाही. तुम्हांला सांगायचे आहे, "मला चालवत नाही." तुम्ही म्हणालात, "आय कॅनॉट वॉक." डॉक्टर घाबरून जाईल, कारण त्याचा अर्थ पाय अजिबात उचलत नाहीत असा होतो. आपल्या 'चालवत नाही'मध्ये पुष्कळदा 'चालते, पण त्रास होतो' एवढेच असते. तेव्हा म्हणावे, "आय कॅन वॉक, बट इट हर्ट्स." चालता येते, पण दुखते. किंवा, "आय कॅन वॉक ओन्ली टेन मिनिट्स." दहाच मिनिटे. अशी मोजून सांगितलेली गोष्ट डॉक्टरला शंभर तक्रारींपेक्षा उपयोगी पडते. पुन्हा एकदा पाहा. शेजारच्या घरातले दुःख पाहून आपण म्हणतो, "मला बघवत नाही." याचे "आय कॅनॉट सी" असे केले, तर समोरचा तुम्हांला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेईल! तेथे "आय कॅनॉट बेअर टू सी इट" असे म्हणावे लागते. म्हणजे 'सोसणे' हा शब्द मध्ये आणावा लागतो.

उलट बाजूही सांगून ठेवते. इंग्रज माणूस "आय कॅन सी द स्टेशन" म्हणतो, तेव्हा आपण मराठीत "मला स्टेशन दिसते" एवढेच म्हणावे. "मी स्टेशन पाहू शकते" हे शब्द मराठी असले, तरी वळण परके आहे. हल्ली जाहिरातींतून आणि भाषणांतून "आपण येथे पाहू शकता", "आपण ऐकू शकता" असे फार कानी येते. इंग्रजी शिकताना आपल्या 'दिसते', 'ऐकू येते', 'जमते', 'झेपते' या खणखणीत शब्दांचा विसर पडू देऊ नका.

या 'कॅन' शब्दाच्या कुळाविषयी दोन शब्द सांगते, कारण त्यातून एक व्यवहाराचा नियम निघतो. 'कॅन'चा मूळ अर्थ 'जाणणे'. इंग्रजीतला जाणणे या अर्थाचा 'नो' हा शब्द, हा 'कॅन', आणि आपले 'ज्ञान' व 'जाणणे', ही सारी फार दूरच्या पिढीतली एकाच घरची भावंडे आहेत. म्हणजे ज्याला कळते त्याला येते, असा तो हिशेब. 'मे'चा मूळ अर्थ मात्र बळ असणे. इंग्रजीत बळाला आजही 'माइट' म्हणतात. आपल्याकडे संस्कृतातल्या 'शक्' या एकाच धातूपासून शक्तीही आली, शक्यही आले आणि आपले 'शकणे'ही आले. शक्ती आणि शक्यता यांचे नाते दोन्ही भाषांनी ओळखले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आता नियम. 'कॅन' आणि 'मे' ही रूपे मुळात भूतकाळाची होती, पुढे वर्तमानकाळात वापरली जाऊ लागली. 'शिकले' म्हणून 'येते', असा त्यातला क्रम. म्हणूनच 'शी सिंग्ज', 'शी गोज' यांना शेवटी लागणारा 'स' त्यांना लागत नाही. 'शी कॅन' म्हणावे, 'शी कॅन्स' नाही. त्यांच्यापुढे क्रियापद मूळ रूपात येते, मध्ये 'टू' येत नाही. 'शी कॅन कुक' बरोबर. 'शी कॅन टू कुक' चूक. प्रश्न विचारताना त्यांनाच पुढे आणावे. "कॅन शी कुक?" आणि असे दोन शब्द एकापुढे एक बसत नाहीत. एका म्यानात दोन तलवारी नाहीत, तसे. 'विल कॅन' नाही, 'मे कॅन' नाही. तेथे 'कॅन'ला बाजूला करून 'बी एबल टू' आणावे लागते. "आय विल बी एबल टू कम," म्हणजे मला येता येईल. "आय मे बी एबल टू कम," म्हणजे कदाचित येता येईल.

हे 'बी एबल टू' भूतकाळात फार महत्त्वाचे होते. 'कॅन'चे भूतकाळी रूप 'कुड'. पण 'कुड'ने अंगी असलेली कुवत सांगावी. एखाद्या वेळी प्रत्यक्ष साधलेली गोष्ट सांगायची तर 'वॉज एबल टू' म्हणावे. आपल्या दोन थोर बायकांची उदाहरणे घेते, म्हणजे नियम लक्षात राहील. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ साली झाले, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. "शी कुड नॉट रीड." पुढे पतीने शिकवले, घरातल्याच बायका इंग्रजी शिकण्यावरून टोचून बोलत, हे त्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहिले आहे, तरी त्या शिकल्या. "लेटर शी कुड रीड इंग्लिश." ही कुवत झाली. आता आनंदीबाई जोशी. अमेरिकेला वैद्यक शिकण्यासाठी निघण्यापूर्वी, १८८३ साली, बंगालमधल्या श्रीरामपूर येथे त्यांनी आपण का जात आहोत हे भरसभेत इंग्रजीतून सांगितले. तेव्हा त्यांना अठरा वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. हे प्रत्यक्ष घडले, साधले, म्हणून "शी वॉज एबल टू बिकम अ डॉक्टर." तेथे नुसते 'कुड' घातले, तर ऐकणाऱ्याला 'होऊ शकल्या असत्या' असे वाटण्याचा संभव असतो, जणू कुवत होती, पण झाल्या नाहीत! नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या आपल्या मुलींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. तुम्ही काम तडीस नेले असेल तर "आय कुड फिनिश" म्हणू नका, "आय वॉज एबल टू फिनिश" म्हणा, किंवा सरळ "आय फिनिश्ड" म्हणा. केलेल्या कामाचे श्रेय व्याकरणाच्या फटीतून सांडू देऊ नये. नकारात मात्र ही काळजी नाही. 'कुड नॉट' दोन्हीकडे चालते.

आता 'मे'कडे वळते. आपल्या 'शकते'चे इंग्रजी दोन वाटे करते असे मी म्हटले, ते येथे दिसेल. आपण म्हणतो, "मराठवाड्यात मार्च महिन्यातही गारपीट होऊ शकते." २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ती झालीही, उभी पिके आणि फळबागा झोपल्या. हे झाले एकंदर अनुभवाचे बोलणे. असे कधीकधी घडते. येथे इंग्रजीत 'कॅन' बरोबर. पण आज दुपारी आभाळ भरून आले, गच्चीवर पापड वाळत आहेत, आणि आपण म्हणतो, "अगं, पाऊस येऊ शकतो, पापड उचल." हे एकंदर अनुभवाचे बोलणे नव्हे; हा आजच्या आभाळाचा अंदाज आहे. येथे इंग्रजीत 'कॅन' चालत नाही. "इट मे रेन," किंवा शंका अधिक असेल तर "इट माइट रेन," असे म्हणावे. "इट कुड रेन" हेही चालते. एकंदर घडण्यासारखे ते 'कॅन', आणि आज, आत्ता, कदाचित घडेल ते 'मे', अशी खूणगाठ बांधा. 'माइट' हे 'मे'पेक्षा थोडे पातळ. आपण "येईल बहुतेक", "येईलही", "आला तर आला" अशा पायऱ्या करतो, तशाच या आहेत. आणि खात्रीच्या अगदी जवळ गेलो, म्हणजे 'मस्ट'. दाराबाहेर चप्पल दिसली, दिवा दिसला, की आपण म्हणतो, "घरी असलेच पाहिजेत." तेच "ही मस्ट बी ॲट होम."

भगिनींनो, इथवर सोपे होते. आता जेथे खरा धोका आहे, तेथे येते. 'कॅनॉट' आणि 'मे नॉट' या दोन नकारांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. "ही कॅनॉट बी ॲट होम," म्हणजे ते घरी असणे शक्यच नाही. "ही मे नॉट बी ॲट होम," म्हणजे कदाचित घरी नसतील, कदाचित असतीलही. पहिल्याने दार बंद होते, दुसऱ्याने अर्धे उघडे राहते.

आमच्या गल्लीतली गोष्ट सांगते. पावसाळ्याचे दिवस होते. एका घरातल्या सासूबाईंना ताप येत होता. रक्त तपासले, आणि तपासणीच्या कागदावर खाली इंग्रजीत एक ओळ होती. त्यात तापाचे एक नाव होते आणि त्याआधी 'मे नॉट बी' हे शब्द होते. घरातल्या शाळकरी मुलाने वाचून सांगितले, "आजीला तो ताप नाहीये." घरच्यांना हायसे वाटले, काढा करू, दोन दिवस वाट पाहू, असे ठरले. पण सुनेच्या मनात शंका राहिली. ती म्हणाली, "नाही असे लिहायचे असते तर एवढे तीन शब्द कशाला लागले असते?" तिने कागद उचलला, सासूबाईंना रिक्षात घातले आणि डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाले, "बरे झाले आलात. नसेलही, असा याचा अर्थ. पुन्हा तपासले पाहिजे." पुन्हा तपासले, उपचार वेळेवर झाले. त्या सुनेचे शिक्षण फार नाही. तिने इंग्रजी वाचले नाही, पण तिला शब्दांचा जोर जाणवला. मुलाचेही चुकले असे मी म्हणणार नाही. त्याला 'नॉट' म्हणजे 'नाही' एवढेच शिकवलेले होते. 'मे'ने त्या 'नाही'ची धार काढून टाकलेली असते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. म्हणून मी तुम्हांला सांगते. कागदावर 'मे' दिसला, की समजावे, लिहिणाराला खात्री नाही. आणि ज्याअर्थी त्याला खात्री नाही, त्याअर्थी आपण विचारले पाहिजे.

हा 'मे' स्वयंपाकघरातही येतो. बिस्किटांच्या आणि चॉकलेटच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत 'मे कंटेन' असे लिहून पुढे शेंगदाणे, बदाम, दूध असे काही छापलेले असते. म्हणजे हे पदार्थ मुद्दाम घातलेले नाहीत, पण त्यांचा अंश आलेला असू शकेल. बहुतेकांना त्याचे काही नाही. पण ज्या मुलाला शेंगदाण्याने अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, त्याच्या आईने त्या 'मे'ला 'आहे' असेच समजून वागावे. सर्दीच्या किंवा खाजेच्या काही गोळ्यांवर 'मे कॉज ड्राउझिनेस' असते. म्हणजे गुंगी येण्याचा संभव आहे. सर्वांनाच येते असे नाही. परंतु गोळी घेऊन गाडीवर बसणाऱ्या मुलाला ते सांगितलेच पाहिजे. आणखी एक बारकी गोष्ट. 'मे' आणि 'बी' तोडून लिहिले, तर ते क्रियापद झाले. जोडून एकच शब्द लिहिला, तर त्याचा अर्थ 'कदाचित'. मुले वह्यांत याची सरमिसळ करतात. गृहपाठ पाहताना लक्ष ठेवावे.

आता व्यवहाराचे. आपल्या भागात बचतगट आहेत. पापड, कुरडया, मसाले, पिशव्या यांची मागणी आता बाहेरगावाहूनही येते, आणि संदेश पुष्कळदा इंग्रजीत असतो. "कॅन यू सेंड टू हंड्रेड पॅकेट्स बाय फ्रायडे?" शुक्रवारपर्यंत दोनशे पुडे पाठवता येतील का? उत्तरात आपण "वुई कॅन" लिहिले, तर तो शब्द दिला असे होते. समोरचा त्यावर विसंबून पुढचे ठरवतो. आभाळ भरलेले आहे, दोघीजणी लग्नाला गेल्या आहेत, आणि मनात "बघू, जमेल बहुतेक" असे असेल, तर "वुई मे बी एबल टू" असे लिहावे आणि पुढे खरे किती जमेल ते सांगावे. "वुई कॅन सेंड हंड्रेड. वुई मे बी एबल टू सेंड टू हंड्रेड." शंभर नक्की, दोनशे जमले तर. यात कमीपणा नाही. उलट, ज्या गटाचे 'कॅन' कधी खोटे पडत नाही, त्याच्याकडे मागणी पुन्हा येते.

'मे'चा दुसरा अर्थ परवानगी. वर्गाच्या दारात उभे राहून एका दमात "मे आय कम इन" म्हणणारी मुले आपण पाहतोच, त्यातला 'मे' म्हणजे "येऊ का?" शाळेच्या पत्रकात "पेरेंट्स मे अटेंड" असे असेल, तर पालकांनी यायला हरकत नाही, असा अर्थ. "पेरेंट्स मस्ट अटेंड" असेल, तर आलेच पाहिजे. मग गिरणीचे दळण दुसऱ्या दिवशी. मागणे करतानाही एक रीत आहे. "गिव्ह मी वॉटर" हे आपल्या "पाणी दे"सारखे होते. आपण अनोळखी माणसाला "जरा पाणी द्याल का?" म्हणतो, इंग्रजीत "कुड यू गिव्ह मी सम वॉटर, प्लीज?" म्हणतात. मौज पाहा. नम्र व्हायचे तर आपण भविष्यकाळात जातो आणि इंग्रज भूतकाळात जातो. समोरच्याच्या अंगावर वर्तमानकाळ टाकायचा नाही, हे दोघांनाही कळलेले आहे!

शेवटी एक मोठे उदाहरण देते, कारण आपल्यापैकी अनेकींच्या मनात इंग्रजीची जी भीती आहे, तिच्यावर ते औषध आहे. भारताच्या राज्यघटनेचे १२० वे कलम संसदेत कोणत्या भाषेत कामकाज चालावे याविषयी आहे, आणि २१० वे कलम राज्यांच्या विधिमंडळांविषयी आहे. १२० व्या कलमात असे सांगितले आहे, की ज्या सभासदाला हिंदीत किंवा इंग्रजीत आपले म्हणणे पुरेसे मांडता येत नाही, त्याला मातृभाषेत बोलण्याची परवानगी अध्यक्ष देऊ शकतात. २१० व्या कलमातही विधिमंडळाच्या सभासदांसाठी अशीच तरतूद आहे. इंग्रजी मसुद्यात 'मे' आणि 'कॅनॉट' हे आपले दोन्ही शब्द त्या एकाच वाक्यात येतात. 'मे' अध्यक्षांच्या अधिकारासाठी, 'कॅनॉट' सभासदाच्या अडचणीसाठी. आणि 'कॅनॉट'ला लागूनच 'पुरेसे' या अर्थाचा शब्द आहे. अजिबात येत नाही असे नव्हे, पुरेसे येत नाही. आणि तरीही त्या माणसाचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे. ही घटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याच १९५० साली आपल्या या शहरात महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. इंग्रजीवर असामान्य प्रभुत्व असलेल्या माणसाच्या हाताखाली तयार झालेल्या या घटनेत, ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यासाठी जागा राखलेली आहे. मग बँकेच्या खिडकीपुढे किंवा शाळेच्या कचेरीत आपण मान खाली का घालावी? "आय कॅनॉट स्पीक मच इंग्लिश. कुड यू एक्सप्लेन इन मराठी?" मला फारसे इंग्रजी येत नाही, मराठीत समजावून सांगाल का? ही दोन वाक्ये पाठ करा. यात लाजण्यासारखे काही नाही. सही करण्याआधी विचारणे, हा शहाणपणा आहे.

आणि "मला इंग्रजी येत नाही" हे वाक्य उच्चारताना त्यात 'अजून' हा एक शब्द घालत जा. "अजून येत नाही." इंग्रजीत त्याला 'येट' म्हणतात. "आय कॅनॉट रीड इट येट." हा शब्द सगळ्यांत शेवटी बसतो, पण 'कॅनॉट'चे कुलूप उघडायला पुरेसा होतो.

आता एक काम सांगते. शिक्षिकेची सवय सुटत नाही, त्याला इलाज नाही. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने पाच मराठी वाक्ये लिहून आणावीत. एक 'येते'चे, एक 'शकते'चे, एक 'करवत नाही'चे, एक 'कदाचित'चे आणि एक 'द्याल का'चे. वाक्ये पुस्तकातली नकोत. आपल्या घरातली, आपल्या गल्लीतली असावीत. शेजारी तेच वाक्य इंग्रजीत लिहावे. जमले नाही तर जागा मोकळी सोडावी, आपण मिळून भरू. घरी आलेला एखादा इंग्रजी कागद, औषधाचे वेष्टन, शाळेचे पत्रक, जे असेल तेही आणावे, आणि त्यात 'मे', 'कॅन', 'मस्ट' कोठे आहे ते शोधून त्याखाली पेन्सिलीने रेघ मारावी. लिहिता न येणाऱ्या भगिनींनी वाक्ये तोंडी सांगावीत. लिहून घेणाऱ्या मुली मंडळात पुष्कळ आहेत.